मारवेल: खानदेशच्या उन्हाला पुरून उरणारं गवत लावायचं कसं आणि राखायचं कसं?

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बांधावरचं गवत तेव्हा करडं पडलेलं असतं, मुठीत धरलं तर चुरा होतो. बघणाऱ्याला वाटतं, हे मेलं. पण मृगाच्या दोन-तीन चांगल्या सरी पडल्या की त्याच वाळक्या ठोंबाच्या बुडातून हिरवे कोंब वर येतात. कुणी पेरलेलं नसतं, कुणी पाणी दिलेलं नसतं.

असं तग धरणाऱ्या रानगवतांमध्ये गुरं चवीनं खातात असं एक गवत म्हणजे मारवेल. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या काळ्या जमिनीत ते मूळचंच आहे. लावायला ते अवघड नाही आणि जगायला त्याला फार पाणीही लागत नाही. अवघड आहे ते वेगळंच: पहिलं वर्ष त्याला गुरांच्या तोंडापासून, नांगराच्या फाळापासून आणि तणनाशकाच्या पंपापासून वाचवणं.

मारवेल म्हणजे नेमकं कोणतं गवत?

मारवेलचं शास्त्रीय नाव डायकॅन्थियम अ‍ॅन्युलेटम. हे बहुवर्षायू गवत आहे, म्हणजे एकदा लागलं की दरवर्षी पेरावं लागत नाही. उत्तर आफ्रिकेपासून पश्चिम आशिया, भारत आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत ते नैसर्गिकपणे आढळतं. गुजरातेत याला जिंजवो म्हणतात.

१९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांनी देशभरातल्या गवताळ प्रदेशांची मांडणी प्रसिद्ध केली. त्यांनी भारताचे पाच प्रमुख गवतपट्टे ठरवले. महाराष्ट्रासह दख्खनचा मोठा भाग ज्या पट्ट्यात येतो, त्याचं नावच मुळी दोन गवतांवरून आहे: पवना आणि मारवेल. ढोबळ वाटणी अशी की मुरमाड, उथळ, उताराच्या जमिनीवर पवना आणि खोल, ओल धरणाऱ्या काळ्या जमिनीवर मारवेल. तापी, गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांच्या काठची जमीन म्हणजे मारवेलचं घरच.

ओळखायचं कसं?

बांधावर दहा तऱ्हेची गवतं असतात. त्यातून मारवेल शोधायला तीन खुणा पुरतात.

- कांड्याचा पेर: काडीवर जिथे गाठ असते तिथे पांढऱ्या केसांचं कडं दिसतं. ‘अ‍ॅन्युलेटम’ या लॅटिन नावाचा अर्थही ‘कडं असलेलं’ असाच आहे. ही सगळ्यात पक्की खूण.
- तुरा: काडीच्या टोकाला हाताच्या बोटांसारख्या काही बारीक कणसांचा झुपका येतो. रंग पांढुरका ते जांभळट. कणसांवर बारीक, वाकडे केस असतात, पण ते कुसळासारखे टोचत नाहीत.
- ठेवण: साधारण दोन ते तीन फूट उंच, बारीक काडीचं, पानाळ. बाहेरच्या काड्या जमिनीवर आडव्या होतात आणि मातीला टेकलेल्या पेरांतून मुळं फुटतात.

फुलोरा आलेला असताना, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, ते ओळखणं सगळ्यात सोपं. ज्याला ठोंबं काढून लावायची आहेत त्याने याच काळात बांधावर फिरून चांगल्या ठोंबांपाशी खुणेची काठी रोवून ठेवावी. पुढच्या पावसाळ्यात शोधाशोध होत नाही.

एवढं चिवट कशामुळे?

पहिलं कारण बुडात आहे. मारवेलचे नवे कोंब शेंड्यातून येत नाहीत, ते जमिनीलगतच्या खोडक्यातून येतात. वरचं सगळं वाळलं, कापलं किंवा गुरांनी खाल्लं तरी डोळे खाली शाबूत असतात.

दुसरं कारण मुळांत. तंतुमुळांचं दाट जाळं बरंच खोल जातं. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते तेव्हाही ही मुळं खालची ओल धरून राहतात.

तिसरं कारण पानांत. ज्वारी, मका आणि ऊस ज्या पद्धतीनं अन्न तयार करतात तीच मारवेलची पद्धत आहे. कडक ऊन आणि कमी पाणी अशा हवेत ती जास्त कामाची ठरते.

धुळे जिल्ह्याच्या बऱ्याच भागात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, जळगावात सातशेच्या आसपास. मारवेलला एवढा पाऊस पुरून उरतो. थोड्याफार चोपण जमिनीतही ते तग धरतं. त्याला सोसत नाही ती दाट सावली आणि सतत साचलेलं पाणी.

खानदेशला याची गरज का?

कारण इथली मुख्य पिकं गुरांचं पोट भरत नाहीत. कापसातून पऱ्हाटी मिळते, ती चुलीत जाते किंवा शेतातच जाळली जाते. केळीची पानं आणि खांब टंचाईच्या वर्षी गुरांपुढे टाकले जातात, पण त्यात पाणीच जास्त. पूर्वी घरोघरी दादर ज्वारीचा कडबा असायचा. ज्वारीचं क्षेत्र जसं कापूस-मक्याकडे गेलं तसा कडबा विकत घेण्याची वेळ आली.

हिशेब साधा आहे. चारशे किलो वजनाच्या गाईला दिवसाला तिच्या वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे दहा किलो कोरडा चारा लागतो. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत हे बाराशे किलो होतात. हे एका जनावराचं झालं. पाऊस ओढ देतो त्या वर्षी कडब्याचे भाव चढतात आणि दावणीची जनावरं बाजारात निघतात. दुष्काळात विकलेली गाय पुढच्या वर्षी त्या पैशात परत येत नाही.

बांधावरच्या मारवेलनं हे बाराशे किलो पूर्ण भागतात असं नाही. पण बियाण्याचा, मशागतीचा आणि पाण्याचा खर्च न करता, पिकाखालची जमीन न अडवता जो चारा मिळतो तो टंचाईत विकतच्या कडब्याचा भार हलका करतो.

मेंढपाळांसाठी तर प्रश्न आणखी थेट आहे. साक्री-धुळे परिसरातले ठेलारी मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन बाहेरगावी निघतात. वाटेवरची कुरणं आणि पडीक रानं जितकी उघडी पडतील तितकी त्यांची वाट लांबते.

कुठे लावावं, कुठे नको?

सगळ्यात चांगली जागा म्हणजे शेताचा बांध, नाल्याचा काठ, शेततळ्याचा भराव, विहिरीभोवतीची पडीक पट्टी. चारा मिळतो आणि मातीही धरली जाते. ज्यांच्याकडे अर्धा-एक एकर पडीक आहे त्यांना वेगळा प्लॉटही करता येतो. फळबागेत झाडं लहान असेपर्यंत मधल्या पट्ट्यात ते चालतं. सावली वाढली की आपोआप विरळ होतं.

नको ती जागा म्हणजे डोंगरउतारावरचा उघडा मुरूम. सातपुड्याच्या किंवा अजिंठ्याच्या रांगेतल्या उथळ जमिनीवर मारवेलपेक्षा पवना आणि डोंगरी गवत बरं लागतं. अगदी कोरड्या, रेताड जागी अंजन गवत चांगलं.

शेतात घुसेल का, ही शंका नेहमी येते. मारवेल आडवं सरकतं हे खरं, पण त्याला हरळीसारखे जमिनीखाली धावणारे धुमारे नसतात. बांधापासून वीतभर अंतर सोडून दरवर्षी वखर फिरत असेल तर ते पिकात शिरत नाही.

लागवड: ठोंबं की बी?

दोन्ही चालतं. पण घरच्या लागवडीला ठोंबं जास्त भरवशाची.

मारवेलचं बी हलकं, कुसरं असलेलं आणि वाऱ्यावर उडणारं असतं. ताजं बी नीट उगवत नाही. ते सहा-आठ महिने कोरड्या जागी ठेवून पुढच्या पावसाळ्यात पेरावं लागतं. एकरी साधारण दोन किलो बी लागतं. ओलसर माती किंवा वाळूत मिसळून ते ओळीत टाकायचं आणि वर मातीचा नुसता पातळ थर द्यायचा. खोल गेलं तर वर येत नाही.

ठोंबांची पद्धत अशी:

१. आखाजीनंतर, इतर शेतकामांबरोबरच, जागा तयार करावी. बांधावर नुसती ओळ खणली तरी पुरतं. प्लॉट असेल तर एक नांगरट, दोन वखरपाळ्या आणि एकरी दोन-तीन गाड्या कुजलेलं शेणखत.

२. पहिल्या पावसाला घाई करू नये. जमीन वीतभर ओली झाली आणि पाऊस लागून राहिला की, बहुतेक वर्षी जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, लागवड करावी.

३. जुनं ठोंब कुदळीनं मुळांसकट उपटून त्याचे दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करावेत. वरची पानं छाटून वीतभर काडी ठेवावी, म्हणजे बाष्प कमी जातं.

४. काढलेली ठोंबं ओल्या गोणपाटात ठेवावीत आणि शक्यतो त्याच दिवशी लावावीत.

५. दोन ओळींत दोन फूट, दोन ठोंबांत एक फूट अंतर ठेवावं. मुळं पूर्ण मातीत जातील इतकं खोल लावून पायानं माती घट्ट दाबावी. मुळांभोवती पोकळी राहिली की ठोंब वाळतं.

या अंतरानं एका एकराला सुमारे बावीस हजार ठोंबं लागतात. आकडा मोठा वाटतो, पण बांधाचा हिशेब सोपा आहे. चौकोनी एक एकराचा घेर साधारण ८३५ फूट भरतो. चारही बाजूंनी एक ओळ लावायची तर साडेआठशे ठोंबं पुरतात. पहिल्या वर्षी एकाच बांधावर दोनशे लावली तरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बाकीच्या बांधांसाठी ठोंबं घरचीच मिळतात.

सुधारित वाण हवं असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं ‘फुले मारवेल ०६-४०’ हे वाण दिलेलं आहे. जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे याच विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. ठोंबांची चौकशी विद्यापीठाकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात करता येते. निव्वळ बांधासाठी मात्र गावातलंच जोमदार ठोंब उत्तम. ते तिथल्या मातीत आणि पावसात आधीच पारखलेलं असतं.

पहिलं वर्ष: सगळं इथेच ठरतं

लावलेल्या ठोंबांपैकी काही मरतातच. आठ-दहा दिवसांनी फेरी मारून तेवढ्या जागा पुन्हा भराव्यात. पाऊस पंधरा-वीस दिवस दडी मारून बसला तर एखादं पाणी द्यावं. एवढंच पाणी.

तीन-चार आठवड्यांनी एक खुरपणी हवीच. या वयात मारवेलचा मोठा शत्रू म्हणजे गाजरगवत. ते झपाट्यानं वाढून सावली करतं. फुलावर येण्याआधी ते मुळासकट उपटावं, हातात मोजे घालून, कारण अनेकांच्या अंगाला त्यानं खाज सुटते.

आणि मुख्य नियम: पहिल्या वर्षी चराई बंद. नव्या ठोंबाची मुळं जमिनीत पकडलेली नसतात. गाय किंवा मेंढी पान तोडताना अख्खं ठोंब उपटून काढते. शिवाय ओल्या काळ्या मातीत गुरांच्या खुरांनी कोवळे फुटवे चेपले जातात. काटेरी फांद्यांचं कुंपण, शेजाऱ्याशी बोलणं, गुराख्याला सांगणं, जे जमेल ते करावं. ऑक्टोबरमध्ये बी पिकून थोडं गळू द्यावं आणि मगच एक वरवरची कापणी घ्यावी. गळलेल्या बियांतून मधल्या रिकाम्या जागा पुढच्या वर्षी भरतात.

दुसऱ्या वर्षापासून कापणी कधी?

निम्म्या काड्यांवर तुरे दिसू लागले की कापावं. त्या आधी कापलं तर चारा कमी भरतो. फार उशीर केला तर काडी कडक होते आणि प्रथिनं उतरतात, गुरं पान खाऊन काडी टाकतात. गवत पिवळं पडेपर्यंत थांबून मग कापणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. तो चारा पोट भरतो, अंग धरत नाही.

कोरडवाहू बांधावर साधारण दोन कापण्या मिळतात: एक पोळ्याच्या सुमारास, दुसरी दिवाळीच्या आसपास. पाण्याची सोय असलेल्या प्लॉटमध्ये त्याहून जास्त. विळा नेहमी जमिनीपासून चार-पाच बोटं वर चालवावा. अगदी मुळाशी खरवडून कापलं तर फुटव्याचे डोळेच जातात.

प्लॉटमध्ये पहिल्या कापणीनंतर, जमिनीत ओल असताना, एकरी वीस ते तीस किलो युरिया दिला तर दुसरी कापणी भरून येते. बांधावर शेणखताची एक पाटी पुरे. चार-पाच वर्षांनी ठोंबं मधून पोकळ होऊ लागतात. तेव्हा एक सोडून एक ठोंब काढून, फोडून, नव्या जागी लावावं.

दिवाळीच्या कापणीचं गवत उन्हाळ्यासाठी ठेवायचं तर दोन-तीन दिवस पातळ पसरून, उलटंपालटं करून वाळवावं. काडी वाकवली असता मोडली पाहिजे, पण पान हिरवट राहिलं पाहिजे. ओलसर गवताची गंजी रचली की आतून तापते आणि बुरशी धरते. असा चारा गुरांना घालू नये. गंजी उंच जागी रचून वर आच्छादन घालावं.

एवढं चिवट आहे, तर मग संपत का चाललंय?

कारण दुष्काळ सोसणारं गवत माणसाच्या सवयी सोसू शकत नाही.

पहिली सवय बारमाही चराई. पाऊस पडताच, कोंब दोन बोटांचे असतानाच गुरं सोडली की ठोंबाला मुळात अन्न साठवायला सवड मिळत नाही. दोन-तीन वर्षांत चांगलं गवत मागे पडतं आणि गुरं टाळतात ती गवतं पुढे येतात.

दुसरी सवय आग. ‘जाळलं की नवं गवत जोमानं येतं’ ही समजूत गावोगावी आहे. नवं गवत येतं, पण कोणतं? कुसळीच्या बियांना पीळ पडलेलं लांब कुसळ असतं. ओल लागली की पीळ सुटतो आणि बी मातीत स्क्रूसारखं खोल शिरतं. आग वरून निघून जाते, कुसळीचं बी खाली सुखरूप. मारवेलचं पडलेलं हलकं बी मात्र जळून जातं. दरवर्षी पेटणाऱ्या माळावर म्हणूनच कुसळी वाढत जाते. ती कोवळी असताना गुरं खातात, पण पुढे तिची कुसळं मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीत घुसतात आणि तोंडात जखमा करतात.

तिसरी सवय नवी आहे: बांधावर तणनाशक. बांध ‘स्वच्छ’ दिसावा म्हणून ग्लायफोसेटसारखं औषध मारलं जातं. ते पानातून मुळापर्यंत उतरतं. जे ठोंब उन्हाळ्यानं मरत नाही ते औषधानं मरतं. पुढच्या पावसात उघड्या पडलेल्या बांधावर आधी उगवतं गाजरगवत. बांधाची मातीही नाल्यात जाते. म्हणजे एका पंपात चारा गेला, माती गेली आणि तण मात्र राहिलं.

गायरानावर जमेल का?

बांध एका घराचा असतो, गायरान सगळ्या गावाचं. तिथे लागवडीपेक्षा राखण मोठी. धुळे शहराजवळ लांडोर बंगल्यामुळे ओळखलं जाणारं लळिंगचं कुरण आहे. ‘कुरण’ या शब्दातच राखण आहे: गवतासाठी अडवून ठेवलेली जागा.

राखणीनं काय होतं याचं खानदेशातलं नावाजलेलं उदाहरण म्हणजे साक्री तालुक्यातलं बारीपाडा. तिथे लोकांनी तोड आणि मोकाट चराईवर स्वतःच बंधनं घातली, मोडणाऱ्याला दंड ठेवला आणि चारशेहून अधिक हेक्टर जंगल पुन्हा उभं केलं. या कामाचं नेतृत्व करणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. बारीपाड्याचं काम जंगलाचं आहे, मारवेलचं नव्हे. पण नियम तोच लागू पडतो.

गायरानासाठी व्यवहार्य मार्ग असा: जागेचे तीन-चार भाग करावेत आणि दरवर्षी पाळीपाळीनं एक भाग पूर्ण पावसाळा बंद ठेवावा. त्या भागात कापून नेण्यास परवानगी द्यावी, चरायला नाही. मेंढपाळांनाही या ठरावात सामील करून घ्यावं. त्यांना वगळून केलेली बंदी टिकत नाही.

फक्त मारवेलवर गुरं ठेवता येतात का?

नाही. भाकड जनावराचं भागेल, पण दुधाळ गाई-म्हशीला द्विदल चारा हवाच. लसूणघास, चवळी, दशरथ घास किंवा पडीक जमिनीवर स्टायलो, यातलं काहीतरी जोडीला असावं. मारवेलच्या प्लॉटमध्ये दोन ओळींच्या मध्ये स्टायलोचं बी टाकता येतं. दोन्ही एकत्र कापली की चाऱ्याचा कस वाढतो आणि जमिनीला नत्रही मिळतं.

अमेरिकेत हेच गवत डोकेदुखी कसं झालं?

चराऊ गवत म्हणून मारवेल अमेरिकेतल्या टेक्सासमध्येही नेलं गेलं. तिथे त्याला ‘क्लेबर्ग ब्लूस्टेम’ म्हणतात. ते इतकं फोफावलं की तिथली मूळ गवतं मागे हटली आणि आज ते उपद्रवी मानलं जातं. म्हणजे गवत चांगलं की वाईट हे जागेवर ठरतं. खानदेशच्या काळ्या जमिनीत मारवेल घरचं आहे. पण इथेही पवन्याच्या डोंगरावर फक्त मारवेल लावायचा हट्ट नको.

वर्षाचं वेळापत्रक, थोडक्यात

- मे: जागा तयार करणं, शेणखत पसरणं. बांध पेटवू नये.
- जून: नवे कोंब येऊ द्यावेत. गुरं लांब ठेवावीत.
- जुलै: नव्या ठोंबांची लागवड, मेलेल्या जागा भरणं.
- ऑगस्ट: खुरपणी, गाजरगवत उपटणं. जुन्या लागवडीत महिनाअखेरीस पहिली कापणी.
- सप्टेंबर-ऑक्टोबर: फुलोऱ्यात चांगली ठोंबं हेरून खूण करणं. नव्या लागवडीत बी गळू देणं.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: शेवटची कापणी, वाळवण, गंजी.
- डिसेंबरपासून पुढे: गवत झोपलेलं असतं. दुसऱ्या वर्षानंतर हलकी चराई चालते. नांगरताना बांध कोरू नये आणि फवारणीचा पंप बांधापर्यंत नेऊ नये.